दान मराठीत पडतं, नियम मात्र इंग्रजीत

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच मुलांना घराबाहेर सोडता येत नाही. पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो, रस्ते ओस पडतात. अशाच एका दुपारी महालात बहिणीकडे, वाळ्याच्या कूलरसमोर सतरंजी टाकून आम्ही पाच जण बसलो होतो: मी, माझी बारा वर्षांची भाची, तिच्या दोन मैत्रिणी आणि वरच्या मजल्यावरचा पोरगा. मधे स्टीलचा डबा, डब्यात एक ते वीस आकडे लिहिलेल्या वीस चिठ्ठ्या. वीस पैलूंचा फासा मागवला होता, पण तो अजून पोचला नव्हता. चिठ्ठी काढायची, आकडा वाचायचा आणि चिठ्ठी घडी करून परत डब्यात टाकायची. पोरगा परत टाकायचं विसरला तशी भाची त्याच्यावर ओरडली, "परत टाक ना बे! तू वीस घेऊन बसला तर माह्या वाट्याला येईन कसा?" संभाव्यतेचा धडा तिला शाळेत अजून यायचा आहे.

गोष्ट आमच्याच गावातली होती. उद्या तान्हा पोळा, सकाळी मारबतीची मिरवणूक निघायची, आणि आज मध्यरात्री इतवारीतली काळी मारबत जागेवर नाही. एवढी मोठी मूर्ती कोणी नेली, कोणत्या बोळातून नेली, आणि कशासाठी? मी सूत्रधार. मी अंधार सांगायचो, कुठं कंदील हलतोय ते सांगायचो, आणि पुढं काय करायचं ते मुलांनी ठरवायचं. भाची वैद्याची पोर झाली होती, एक मैत्रीण बहुरूपी, दुसरी रात्रीच्या गस्तीवरची शिपाई, आणि पोरगा भुरटा चोर. तीन तास कसे गेले कळलं नाही. बहुरूप्याला वाचवायला चोरानं आपली सगळी कमाई विहिरीत टाकून आवाज केला आणि पहारेकऱ्यांना तिकडं वळवलं, तेव्हा खोलीत फक्त कूलरचा आवाज होता.

या प्रकारच्या खेळाला जगात टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. खेळणारे नुसतं आरपीजी म्हणतात. असा पहिला छापील खेळ, डन्जन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. तो युद्धखेळांतून निघाला. तिथं टेबलावर पलटणी हलवत, इथं प्रत्येकानं एकच माणूस चालवायचा आणि त्याच्या वतीनं बोलायचं. पात्रं काय करतात ते खेळाडू सांगतात. जमणार की नाही याची शंका असेल तिथंच फासा टाकायचा, पात्राच्या अंगच्या गुणाचे आकडे त्यात मिळवायचे आणि सूत्रधारानं मनात धरलेला आकडा गाठला का ते पाहायचं. हार-जीत नसते. गोष्ट पुढं जाते, एवढंच.

हा खेळ शिकायला लागणारं जवळजवळ सगळं आज इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतं. त्यातलं मराठीत मात्र मला काहीच सापडलं नाही. ही उणीव मूठभर छांदिष्टांची आहे असं मला वाटत नाही. वाचन, बोलणं, ऐकून घेणं आणि चौघांनी मिळून काही रचणं, हे सगळं एका सतरंजीवर घडवणारं साधन आपल्या मुलांपर्यंत त्यांच्या भाषेत पोचू नये, हा सार्वजनिक प्रश्न आहे. आणि तो सोडवायला कोणाची परवानगी मागायची गरज उरलेली नाही, हे अजून बऱ्याच जणांना ठाऊक नाही.

ती परवानगी कशी मिळाली, ते नीट सांगितलं पाहिजे. डन्जन्स अँड ड्रॅगन्सची मालकी पुढं विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली. तिनं २००० साली खेळाचे मूळ नियम वेगळे काढून एका खुल्या परवान्याखाली दिले, म्हणजे त्यांच्या आधारे कोणालाही स्वतःची पुस्तकं लिहिता येतील. या मूळ नियमांच्या दस्तऐवजाला एसआरडी म्हणतात. शेकडो छोटे लेखक-प्रकाशक त्यावर उभे राहिले. मग जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना मोडीत काढायचा आणि मोठी कमाई करणाऱ्यांकडून हिस्सा घ्यायचा, असं त्यात होतं. जगभरचे खेळाडू खवळले, लोकांनी कंपनीची ऑनलाइन वर्गणी बंद केली, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीनं माघार घेतली. नुसता जुना परवाना ठेवला असं नाही, तर एसआरडीची ५.१ ही सुमारे ४०० पानांची आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली मोकळी केली. हा परवाना मागं घेता येत नाही. मूळ कोणाचं ते नमूद करा. मग भाषांतर करा, बदल करा, छापा, विका. २०२५ मध्ये पुढची ५.२ आवृत्तीही याच अटीवर आली.

खेळाडूंनी ही जागा भांडून मिळवली, आणि तिच्यावर हक्क आपलाही आहे. आपण मात्र अजून तिच्यावर पाऊल टाकलेलं नाही. त्याच २०२३ सालात कंपनीनं ५.१ चे नियम फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्येही याच परवान्याखाली दिले. इटलीची लोकसंख्या सहा कोटींच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे आठ कोटींच्या वर होते. आपल्यासाठी ती कंपनी काही करणार नाही, आणि तिनं करावं अशी माझी अपेक्षाही नाही. दार उघडं आहे आणि आत आपल्यालाच जायचं आहे.

दारही पुन्हा एकच नाही. पाथफाइंडर या दुसऱ्या मोठ्या खेळाचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या ठिकाणी, प्रकाशकाच्या संमतीनं, फुकट वाचता येतात. फेट नावाचा हलका, गोष्टीकडे झुकणारा खेळ क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे. आयर्नस्वॉर्न हा खेळ तर एकट्यानं, सूत्रधाराशिवाय खेळता येतो आणि त्याचं पुस्तक मोफत उतरवून घेता येतं. ज्या गावात दुसरा कोणी खेळणारा नाही तिथल्या पोरासाठी मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. बेसिक फँटसी नावाचा जुन्या धाटणीचा खेळही तसाच मोफत. एका पानात मावणारे खेळ शेकड्यांनी आहेत. समोरासमोर बसता येत नसेल तर रोल ट्वेंटी, फाउंड्री यांसारखी आभासी टेबलं आहेत: नकाशा, फासे, पात्रांचे कागद सगळं पडद्यावर. पण या टेबलांना मी दुय्यम मानतो. ती लॅपटॉप धरून बनवलेली आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या चार मुलांत लॅपटॉप एकाच्याच घरी आहे. बाकीच्यांकडे आईचा किंवा बाबांचा फोन, तोही संध्याकाळी तासभर. त्यांना लागतं ते फोनवर चटकन उघडणारं साधं पान, ज्यात शब्द शोधता येतो आणि जे झेरॉक्सच्या दुकानात छापून घेता येतं.

यातलं सगळ्यांत आधी मराठीत आणावं असं जे काही आहे त्यात एकही फासा नाही. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी मांडलेलं एक्स-कार्ड म्हणजे टेबलाच्या मध्यावर ठेवलेली फुली काढलेली चिठ्ठी. खेळताना कोणाला एखादी गोष्ट सहन होईना, तर त्यानं त्या चिठ्ठीवर बोट ठेवायचं. का ते विचारायचं नाही. तो प्रसंग तिथंच सोडून गोष्ट दुसरीकडं वळवायची. आमच्याकडे तिला फुली म्हणतात. मारबतीच्या गोष्टीत विहिरीत कोणीतरी पडलं असं मी सांगायला लागलो, तर शिपाई झालेल्या मुलीनं काही न बोलता फुलीवर बोट ठेवलं. मी विहीर कोरडी केली आणि आत फक्त घोंगडं निघालं. तिच्या घरी काय झालं होतं ते मला पुढं दोन महिन्यांनी कळलं. ते एक पान मराठीत असेल तर हा खेळ न खेळणाऱ्या शिक्षकांनाही कामाला येईल.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: आजकालच्या मुलांना इंग्रजी येतंच की. येतं, परीक्षेपुरतं. माझी भाची इंग्रजी माध्यमात शिकते, आणि तरी नियमांचं पान वाचताना तिचं बोट ओळीवर सरकतं, ओठ हलतात, आणि तिसऱ्या ओळीला ती मला विचारते. विचारलं की उत्तर मी देणार. म्हणजे नियम माझ्या ताब्यात, खेळ माझ्या मर्जीवर. नियम तिला स्वतःला वाचता आले तर ती माझी चूक काढेल, माझ्याशी वाद घालेल, आणि एक दिवस मला बाजूला सारून स्वतः सूत्रधार होईल. मला ते हवं आहे.

आणि प्रश्न फक्त मुलांचा नाही. दोन वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका शाळेत गेलो होतो. शनिवारी शेवटचे दोन तास, आठवीच्या मुलांसोबत, फुकट, एवढंच मागणं होतं. माझ्याकडं दाखवायला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, मुखपृष्ठावर आग ओकणारा ड्रॅगन. मुख्याध्यापकांनी चार पानं उलटली आणि म्हणाले, फासे आहेत म्हणजे जुगार आला, आणि राक्षस-भुतं पालकांना चालणार नाहीत. पालक सभेत मला पाच मिनिटं मिळाली. एका आईनं ते पुस्तक हातात घेतलं, उघडलं, मिटलं आणि मला परत दिलं. तिला त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, आणि जे वाचता येत नाही ते आपल्या पोराच्या हातात का द्यायचं, हा तिचा प्रश्न रास्त होता. अमेरिकेतही १९८० च्या दशकात या खेळावर सैतानाच्या पूजेचे आरोप झाले, म्हणजे भीती काही आपल्याकडचीच नाही. पण त्या सभेत माझ्याकडं दोन पानं मराठीत असती, की इथं पैसे लावत नाहीत, कोणी हरत नाही, फुली म्हणजे काय, तर बोलणं तिथं संपलं नसतं. मी मुख्याध्यापकांवर रागावलो होतो. आता वाटतं, मी रिकाम्या हातानं गेलो होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मराठी करायला गेलं की शब्द मरतात. सरकारी परिभाषेचा अनुभव पाहता हे भय खोटं नाही. भाषांतराच्या यंत्रात मी नियमांची पानं घालून पाहिली. सेव्हिंग थ्रोची 'बचत फेक' झाली आणि हिट पॉइंट्सचे, म्हणजे पात्रात किती जीव उरला त्या आकड्याचे, 'आघात बिंदू'. असं पान मुलांना देण्यापेक्षा इंग्रजीच बरं. पण शब्द कोशातून आणायचेच नाहीत. ते सतरंजीवर सापडतात, हे मी वर्षभर पाहतो आहे.

सेव्हिंग थ्रोचंच घ्या. अंगावर छप्पर कोसळलं, विष चढलं, कोणी मंतरलं, तर त्यातून सुटण्यासाठी टाकायचं दान. मी 'बचाव' म्हणून पाहिलं, 'रक्षण' म्हणून पाहिलं. मुलं ऐकायची आणि सेव्हच म्हणायची. एका रविवारी चोराच्या पायाखालची फळी मोडली आणि मी सहज बोलून गेलो, "बघ रे, निभाव लागतो का." त्यानं चिठ्ठी काढली, सतरा, आणि ओरडला, "लागला निभाव!" त्या दिवसापासून आमच्याकडं निभाव. आगीचा निभाव, विषाचा निभाव, भीतीचा निभाव. शब्द कधीपासून आपल्या तोंडी होता, फक्त त्याला इथं काम मिळालं.

फासा टाकला की पडतं ते दान, हे तर सारीपाटापासूनचं. मनासारखं दान पडणं हा वाक्प्रचार आपण फासा न पाहताही वापरतो. कॅम्पेनला, म्हणजे अनेक बैठकींत चालणाऱ्या लांब गोष्टीला, मोहीम इतका नेमका शब्द आहे की तो शोधावाच लागला नाही. इंटेलिजन्स आणि विज्डम हे दोन वेगळे गुण इंग्रजी नियमांत लांबलचक समजावलेले आहेत. बुद्धी आणि शहाणपण म्हटलं की आपल्याकडं दहा वर्षांच्या पोरालाही फरक कळतो, कारण घरोघर कोणीतरी बुद्धी असून शहाणपण नसलेला काका असतोच. करिष्म्याला मी छाप सुचवलं. मुलांनी 'वट' केलं. शिपायाची वट चौदा, बहुरूप्याची सोळा. वट हा शब्द छापील पुस्तकात घ्यायला प्रकाशक कचरेल, मी घेईन. आर्मर क्लासला, म्हणजे पात्राला वार लागणं किती कठीण त्या आकड्याला, मात्र अजून शब्द मिळालेला नाही. चिलखत म्हणावं तर चपळ चोराच्या अंगावर चिलखत नसतं आणि तरी तो हाती लागत नाही. तोवर आम्ही एसी म्हणतो, आणि त्यात काही बिघडत नाही. जिथं आपला शब्द येत नाही तिथं परका राहू द्यावा. ओढूनताणून केलेला शब्द मुलं दुसऱ्या दिवशी टाकून देतात.

मग नियमांची मराठी कोणती, हा पुढचा प्रश्न, आणि नागपूरकराला तो जास्त लागतो. आमच्या मुलांना शाळेत 'करून राहिलो' म्हटलं की टोकतात. हे हिंदीचं वळण आहे, अशुद्ध आहे, 'करतो आहे' म्हण. टोकून टोकून काही मुलं वर्गात बोलायचंच सोडतात. भाचीची शिपाई झालेली मैत्रीण त्यातलीच. या खेळात मात्र सगळं चालू वर्तमानकाळात बोलावं लागतं, आणि तेही 'मी' म्हणून. "मी दार ढकलून राहिली. हळूच. आतून आवाज येऊन राहिला का?" इथं दार अजून पुरतं उघडलेलं नाही, सूत्रधाराला मधे "थांब, कडी वाजली" म्हणता येतं, ती हात मागं घेऊ शकते. तिकडं पुण्याला 'ढकलतेय' म्हणतील आणि खेळ तितकाच छान चालेल. पण 'राहिली'त जो ठिय्या आहे, मी इथं उभी आहे आणि हे करते आहे, तो ऐकताना अंगावर काटा येतो. ती मुलगी तीन तास बोलत होती. तिला कोणी टोकलं नाही, कारण टोकलं असतं तर गस्त थांबली असती.

म्हणून माझी सूचना अशी. नियमांचं अंग सोप्या प्रमाण मराठीत असावं, म्हणजे सांगलीपासून गोंदियापर्यंत कोणालाही वाचता येईल. पण खेळ कसा चालतो ते दाखवणारे संवादांचे नमुने बोलीत असावेत: एक वऱ्हाडीत, एक झाडीबोलीत, एक अहिराणीत, एक मालवणीत. झाडीपट्टीत रात्र रात्र नाटकं पाहणाऱ्या प्रेक्षकांना पात्र होऊन बोलणं म्हणजे काय ते शिकवावं लागणार नाही. त्यांना फक्त एवढं सांगायचं आहे की इथं संहिता नाही आणि पुढचं वाक्य तुमचं आहे.

तिसरा आक्षेप माझ्या जवळच्या मित्रांचा. परक्या कंपनीचा खेळ कशाला उचलायचा, आपल्याकडं गोष्टी कमी आहेत का? कमी नाहीत, आणि त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. त्या मोकळ्या झालेल्या एसआरडीत राक्षस आहे. आपलाच शब्द, राक्षस. पण या खेळाच्या पुस्तकांत तो वाघाच्या तोंडाचा आहे आणि त्याच्या हाताचे तळवे उलटे आहेत. आमच्या आजीच्या गोष्टीत उलटे असतात ते पाय, हात नव्हे. तो शब्द आपल्याकडून गेला, अमेरिकेत त्याला वाघाचं तोंड बसलं, आणि आता तो याच रूपात आपल्या मुलांच्या फोनवर परत येतो आहे. तो राहू द्यावा, चांगला राक्षस आहे. पण त्याच्या शेजारी मुंजा, हडळ, समंध, वेताळ, खवीस, चकवा यांची पानं मराठीत नसतील तर मुलांच्या डोक्यात तोच एक उरेल. भाषांतराच्या परवान्यातच भर घालण्याचा हक्क आहे. आणि ज्यांना परकं काहीच नको, त्यांनी सरळ नवे नियम लिहावेत. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, ती मांडलेल्या शब्दांवर असते, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगून ठेवलं आहे. फासा टाकून आकडा मिळवण्याची रीत कोणी अडवू शकत नाही.

चोरून फिरणाऱ्या पीडीएफबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडं या छंदात येणारा बहुतेक जण कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या स्कॅन केलेल्या पुस्तकापासून सुरुवात करतो. पुस्तकं महाग आहेत, आयात होऊन येणारा एकेक खंड विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खर्चाएवढा पडतो, हे मला कळतं. तरी मी मुलांना तसल्या फायली देत नाही. लेखकाचे पैसे बुडतात हे एक. दुसरं असं की त्या फायलींमुळं कायदेशीर, मोकळं, बदलता येणारं साहित्य शेजारीच पडलेलं आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. चोरलेल्या पुस्तकाचं भाषांतर उघडपणे करता येत नाही, ते ग्रंथालयात ठेवता येत नाही, पालक सभेत दाखवता येत नाही.

काम करायचं तर ते टिकेल अशा जागी करावं. गुगल प्लस या समाजमाध्यमावर या खेळाचे जुने जाणते वर्षानुवर्षं लिहीत होते: नियमांच्या सुधारणा, नकाशे, वादविवाद. एप्रिल २०१९ मध्ये ते सगळं बंद झालं आणि ज्यांनी आधी उतरवून ठेवलं तेवढंच वाचलं. विझार्ड्स कंपनीनंही आपल्या चर्चापीठाला २०१५ मध्येच टाळं लावलं होतं. आपण मराठीत शब्द घडवायचे आणि ते एखाद्या ग्रुपच्या चॅटमध्ये ठेवायचे, तर फोन बदलला की गेले. विकिपीडियाच्याच घरच्या मराठी विकिबुक्ससारखी, मोफत पुस्तकांची जागा तयार आहे. एसआरडीचा परवाना तिथं चालतो. मजकूर युनिकोडमध्ये हवा, जुन्या फाँटातली चित्रासारखी पानं नकोत. मुक्त, बालू यांसारखे सुंदर देवनागरी फाँट मोफत आहेत, तेव्हा पात्राचा कागद दिसायला ओबडधोबड असण्याचं कारण नाही.

यात सरकारचं काय काम, असं विचारतात. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरला, जिथं लीळाचरित्र लिहिलं गेलं, मराठी भाषेचं विद्यापीठ सुरू झालं. विश्वकोशाचे खंड ऑनलाइन मोफत वाचता येतात. सार्वजनिक पैशातून इतकं मोठं काम मोकळं करता येतं याचा तो नमुना आहे. त्या मानानं सत्तर-ऐंशी पानांचा मराठी खेळसंच म्हणजे फारच लहान काम. दोन-तीन भाषांतरकार, एक चित्रकार, आणि चाचणीसाठी वेगवेगळ्या जिल्ह्यांतली पाच-सहा टोळकी मुलांची. चाचणी महत्त्वाची, जो शब्द मुलांच्या तोंडी टिकत नाही तो संचात राहू नये. आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालयं गावोगाव आहेत. वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती सकाळी ज्येष्ठ असतात, दुपारी ते टेबल रिकामं असतं. रविवारी दुपारी ते चार मुलांना द्यावं. मी नागपुरातल्या कोणत्याही वाचनालयात येऊन पहिले चार रविवार सूत्रधार व्हायला तयार आहे. डबा आणि चिठ्ठ्या माझ्या.

तोवर आम्ही थांबलेलो नाही. शाळा सुरू झाल्यावर मुलांनी एक दोनशे पानी वही घातली आहे, तिच्यात आमची भुतं उतरवणं चालू आहे. गेल्या रविवारी चकव्याची पाळी होती. रात्री वाटसरूला त्याच त्या जागी फिरवत ठेवणारा चकवा. त्यातून सुटायला बुद्धीचं दान टाकायचं की शहाणपणाचं, यावर अर्धा तास भांडण झालं. शेवटी भाची उठून आत गेली आणि आजीला विचारून आली. आजी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, चकवा लागला की चालायचं नाही, बाई. जिथं आहे तिथं खाली बसायचं, कुलदेवाचं नाव घ्यायचं आणि कोंबडा आरवायची वाट पाहायची. भाचीनं वहीत लिहिलं: चकवा. दान नाही. जो चालेल तो फसेल, जो बसेल तो सुटेल. खाली कंसात आजीचं नाव, कारण मूळ कोणाचं ते नमूद करायचं असतं.